विषय क्रमांक सात

वाहनतळ शुल्क व दंड, सुधारित दर ठरवणे.
मुख्याधिकाऱ्यांनी फाइल माझ्याकडे सरकवली.
"म्हापणकर बाई, जुनंच समोर ठेवा,
आकडे तेवढे बदलायचे."

आकडे तेवढे.
टाचणीचा गंज कागदातून पलीकडे उतरलेला.
अनुक्रमांक एक: बैलगाडी, पंचवीस पैसे.
बैल सोडून बांधल्यास वेगळे दहा.
अनुक्रमांक चार: सायकल, पाच पैसे,
आणि समासात पेन्सिलीने, तिरकं:
शाळकरी मुले सोडून.
खाली सही नाही, ठराव क्रमांक नाही.
आमच्या वेळी बाजारात सायकल लावली
तर कोणी पावती मागितली नव्हती.
मला वाटायचं, वसुलीवाला आळशी आहे.

बैलगाडी खोडली.
पट्टी धरून खोडली, तरी रेघ जरा हलली.

सभेत चहा आला तेव्हा चारचाकी पंचवीसवर होती.
सुट्टे नसतात, म्हणून तीस झाली.
मिनीबस साठ. खासगी बस शंभर, रात्री मुक्काम असेल तर दीडशे.
आरोलकर म्हणाले, पुण्याच्या गाडीला दुप्पट लावा.
नंबरप्लेट बघून दर लावता येत नाही, मी म्हटलं.
"मग तोंड बघून लावा."
सगळे हसले. इतिवृत्तात मी हसणं घेतलं नाही.
दंड: पहिल्यांदा दोनशे, पुन्हा केल्यास पाचशे,
जॅमर काढण्याचे वेगळे.
सर्वानुमते.

दुसऱ्या दिवशी मार्सेलिन ब्रिटो आली,
हातात प्लास्टिकची पिशवी.
माझ्या टेबलावर, दरपत्रकाच्या बाजूला,
तिने ती उघडी केली:
गोलमो. त्यावर टायरची नक्षी,
इतकी स्वच्छ की कंपनी ओळखता आली असती.
"बंदरार सुकत घातलेलो. पांढरी गाडी. नंबर नाय बगलंय.
ह्येचो दंड खयच्या खणात?"
मी खण दाखवला. मनाई क्षेत्रात वाहन उभे करणे.
"दोनशे कोणाक?"
नगरपरिषद फंड, किरकोळ जमा.
"म्हणजे दंड तुमका आणि नुस्कान माका."

मी काही बोलले नाही. वास ऑफिसभर झाला.
शिपायाने पंखा वाढवला, मग कागद उडू लागले म्हणून कमी केला.
जाताना दारात थांबली.
"आणि जून-जुलयात होडी वाळूर ओढून ठेयतंव,
तां पार्किंग काय?
आताच सांगा, मगे पावती घेऊन येशाल."

होडीला चाक नाही, मी म्हटलं.
हे उत्तर मला आवडलं,
संध्याकाळपर्यंत आवडत राहिलं,
मग नाही.

सही झालेल्या प्रतीवर खाडाखोड चालत नाही.
पेन्सिलीला खाडाखोड म्हणतात की नाही, माहीत नाही.
पाच वाजून गेल्यावर, समासात, तिरकं:
गोलम्यावर गाडी उभी केल्यास भरपाई मालकिणीस.
किती, ते लिहिलं नाही.
सुक्या मासळीचा दर आमच्याकडे नसतो,
तो मंगळवारच्या बाजाराकडे असतो.

झेरॉक्सवर पेन्सिल उमटली नाही.
जिल्ह्याला गेलेली प्रत स्वच्छ गेली,
सूचना फलकावरची स्वच्छ लागली.
मूळ प्रत मात्र इनूस पेंटरकडे,
बंदरावरच्या पत्र्यासाठी.

त्याचा फोन आला, मागे लाटा.
दुचाकी झाली, चारचाकी झाली,
शंभरातलं दुसरं शून्य पुसून पुन्हा काढलं, म्हणाला.
"बाई, ह्यां कडेक बारीक लिवलला, तां घालू काय?
जागा आसा. अक्षरामागे चार रुपये,
काना-मात्रा फुकट."

ठरावात नसलेल्या अक्षरांचं बिल
कुठल्या शीर्षाखाली टाकतात,
बावीस वर्षांत मला कुणी विचारलेलं नाही.
पर्स उघडली. बोटांवर मोजायला घेतलं.
गो, ल, म्या.
"इनूसभाई," मी विचारलं,
"जोडाक्षर एक धरता की दोन?"